कोरडा दोर

झवेरबांनी गरणं दुहेरी करून रिकाम्या घागरीच्या तोंडावर पसरलं आणि त्यांची सून रसीला वरून विहिरीचं पाणी ओतू लागली. कॉलेजातून जुन्या शब्दांची नोंद करायला आलेली पारुल मांडीवर कागद घेऊन बघत होती.

‘गरणं’चा अर्थ तर तिनं आधीच लिहून टाकला होता: पाणी गाळायचं फडकं. शब्द जुन्या पोथ्यांत सापडतो, जैन श्रावकाच्या घरात एके काळी पाण्याचं, दुधाचं, तुपाचं, ताकाचं अशी वेगवेगळी गरणी असत, हे तिला पाठ होतं. आता एका चहाच्या गाळणीनं त्या सगळ्यांना घरी बसवलं होतं. शेवटचा रकाना तेवढा भरायचा राहिला होता: शब्द आजही वापरात आहे का?

"अर्थ अर्धाच लिहिलास, पोरी," झवेरबा म्हणाल्या.

त्यांनी गरणं उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच तांब्यात खळबळलं. हा संखारो, गरण्यात अडकलेल्या बारीक जीवांचं पाणी. यातले जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत परत गेले पाहिजेत. गोड्या पाण्यातला जीव खाऱ्यात जगत नाही. तेही वरून फेकायचं नाही, तांब्या दोरानं पाण्यापर्यंत सोडायचा आणि तिथं कलता करायचा.

"जीव घरी पोचले की मग ते गरणं. तोवर नुसतं फडकं."

रसीलानं रिकामी घागर उचलून कडेवर घेतली. बांचे गुडघे धरल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, हे काम तिच्याकडे होतं. पाणी गाडीवाला आणून टाकायचा, पण संखारो परत न्यायचा तो वेशीबाहेरच्या विहिरीवर. चमचाभर गढूळ पाण्यासाठी एवढ्या उन्हात पाय कोण तुडवणार? ती गल्लीच्या तोंडाशी गटारात तांब्या रिता करायची आणि मंजुळाच्या ओट्यावर विहिरीवर जाऊन येण्याइतका वेळ गप्पा ठोकून परतायची. बांना कळलं तर त्या आपल्या हातचं पाणी पिणार नाहीत, ही धास्ती मात्र तिला रोज असे.

पारुलनं विचारलं, बांच्या हातून कधी चूक झाली होती का?

झवेरबा हसल्या. नवी नवरी असताना झाली होती. पाय भाजतात म्हणून त्यांनी संखारो घरामागच्या खाऱ्या विहिरीत काठावरूनच ओतला होता, आणि एकदा जमलं म्हणून पुढचे तीन दिवसही.

"घरी आले की सासू दोर हातात घ्यायची. कोरडा ठणठणीत. बोलायची काही नाही, उलगडून उन्हात वाळत घालायची."

"कोरडा दोर?" पारुलनं विचारलं.

"हो ना. चार दिवस घातला. पाचव्या दिवशी मी आपली मुकाट वेशीबाहेर गेले."

रसीलानं घागर खाली ठेवली. अंगणातल्या दांडीवर कालचा दोर होता. दोन वर्षं, ती दारात आली की बा हात पुढे करत, दोर घेत आणि दांडीवर पसरत. म्हातारीची सवय, असं ती धरून चालली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बा चार दिवसांत समजल्या होत्या.

"मग शेवटच्या रकान्यात काय लिहू, बा?" पारुलनं विचारलं.

"मला काय विचारतेस? मी उंबऱ्याबाहेर कुठं पडते? वहूला विचार."

सुनेकडे न बघताच त्यांनी गरणं न पिळता पसरून ठेवलं.

रसीलानं दांडीवरचा दोर काढून तांब्याला बांधला, पदर डोक्यावर घेतला.

"मी येईपर्यंत तो रकाना मोकळाच ठेव," ती पारुलला म्हणाली.

मंजुळानं ओट्यावरून हाक मारली, ती थांबली नाही.

परत आली तेव्हा पाय चांगलेच पोळले होते आणि ओसरीभर थेंब पडत होते. झवेरबांनी हात पुढे केला. ओला दोर त्यांनी उलगडून वाळत घातला. मग त्यांनी गाळलेल्या पाण्याचा पेला भरून सुनेपुढे धरला.

"उद्यापासून सकाळी जात जा," त्या म्हणाल्या. "दुपारी फार पोळतं."