वहिनींचं नाक

जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं दुखणं तिच्या सायलेन्सरच्या तोंडाशी कळतं, असं उस्ताद म्हणायचा आणि सगळी गल्ली माना डोलवायची. गाडी चालू करायची, सायलेन्सरसमोर तळहात धरायचा, डोळे मिटायचे. धुराचे धक्के हाताला कसे लागतात यावरून तो सांगायचा, आत काजळी साचलीय की नळीचा जोड सैल झालाय. हात काळा व्हायचा, पण तो लगेच पुसायचा नाही. चार लोकांना दिसला पाहिजे ना.

हे सगळं छान चाललं होतं, बायको वर्कशॉपमध्ये येईपर्यंत. त्याची कंबर धरली म्हणून ती पाने द्यायला वरच्या घरातून खाली आली आणि कंबर सुटली तरी वर गेली नाही. बघता बघता शिकली. तिची रीत मात्र वेगळी. ती हात धरायची नाही. पांढरा रुमाल धुरात धरायची, नाकाशी न्यायची आणि सांगायची, पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलंय. निघायचंही तसंच. सुरुवातीला उस्तादची छाती फुगायची. हिला तयार कुणी केलं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. मग एके दिवशी एक जुनं गिऱ्हाईक गाडी स्टँडवर लावता लावता म्हणालं, "वहिनी आहेत का?" उस्ताद समोरच उभा होता, चांगला हातभर अंतरावर.

तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. बायकोचं कौतुक झालं की त्याच्या हातून पाना निसटायचा. ती जेवताना भाजी हुंगून मीठ कमी आहे म्हणाली, तरी तो ताट सरकवून उठायचा. घरातसुद्धा नाकच का, असं त्याला वाटायचं. बाहेर सांगण्यासारखं यात काही नव्हतं, म्हणून ते आतल्या आत जास्तच जळत होतं.

अशात शिंपीकाकांची गाडी आली. काकांनी ती लग्नाच्या आधी घेतलेली, आणि अजून काकू तिच्यावरच मागे बसायच्या. गाडी चढाला दम टाकत होती आणि मागे पांढऱ्या धुराचा पडदा सोडत होती. उस्तादने हात धरला, डोळे मिटले आणि निकाल दिला: सायलेन्सर तुंबलाय. सायलेन्सर उतरवला, आतली काजळी जाळून काढली, नळी घासून लखलखीत केली. गाडी थोडी हलकी झाली खरी, पण धूर हटेना.

काका परत आले तेव्हा बायकोने न विचारता रुमाल धरला. ती म्हणाली, हा पेट्रोलमधल्या ऑइलचा वास नाही, गिअरच्या तेलाचा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं सील गेलंय, इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून पितंय आणि तेच सायलेन्सरमधून बाहेर येतंय. उस्ताद हसला. म्हणाला, सायलेन्सरच्या कोपऱ्यात मुरलेलं जुनं ऑइल जळतंय, आपोआप थांबेल. एवढ्यासाठी इंजिन खोलायचं म्हणजे सर्दीला पोट फाडायचं.

शेवटी बायकोनेच मार्ग काढला. तिने गिअरबॉक्सच्या बाजूचा खुणेचा स्क्रू काढला, त्या भोकातून पाझरेपर्यंत नवं तेल भरलं, स्क्रू लावला आणि काकांना सांगितलं, आठवडाभर फिरवा, मग तो स्क्रू उघडून बघू. तेल पाझरलं तर माझं चुकलं. नाही पाझरलं, तर इंजिनाने प्यायलं. रविवारी काका-काकूंना घाट ओलांडून लेकीकडे जायचं होतं, म्हणून शनिवारी सकाळी बघायचं ठरलं. काकांनी गाडी आदल्या दिवशीच आणून ठेवली.

शनिवारी उस्ताद लवकर खाली उतरला. बायको वर चहा टाकत होती. त्याने खुणेचा स्क्रू काढला आणि थांबला. थेंबसुद्धा आला नाही. तिचं बरोबर होतं. एवढं कळल्यावर चांगल्या माणसाने हाक मारली असती. उस्तादने तेलाचा डबा उचलला. भोकातून पाझरेपर्यंत तेल भरलं, स्क्रू लावला, फडक्याने सगळं पुसलं आणि वर जाऊन चहा प्यायला.

काका-काकू आले. बायकोने सगळ्यांसमोर स्क्रू काढला आणि तेल तिच्या बोटावर ओघळलं. ती बोटाकडे बघतच राहिली. मग काकांना म्हणाली, "माफ करा काका. उगाच घाबरवलं तुम्हाला. यांचंच बरोबर होतं."

किती महिने हे वाक्य ऐकायला त्याचे कान आसुसले होते. आणि ऐकताना गोडही लागलं, खोटं कशाला बोला. पण काका लगेच हेल्मेट चढवायला लागले. काकू म्हणाल्या, आता उद्या बिनघोर घाट चढू. उस्तादला पुढचं दिसलं. ओझ्याने चढताना इंजिन तेल पीत राहणार, गिअरबॉक्स कोरडा पडणार आणि उतारावर मागचं चाक एकदम जाम होणार.

"काका, गाडी नेऊ नका," तो म्हणाला. "तेल उतरलं होतं. सकाळी मी भरलं."

काकांचा हात हेल्मेटच्या पट्ट्यावरच राहिला. काकूंनी उस्तादकडे असं पाहिलं की त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण त्याला भीती होती ती बायकोची. ती ओरडेल, रडेल, निदान अंगावरचा एप्रन काढून फेकेल, आणि त्याला म्हणता येईल की, बघ, तुलाही लागलं. त्याने मनातल्या मनात उत्तरंसुद्धा जुळवली होती.

ती त्याच्याकडे वळली. "किती घातलंत?"

"काय?"

"तेल हो. किती मावलं?"

लबाडी करतानाही त्याने मापाच्या पेल्याशिवाय तेल ओतलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "पाव लिटर. थोडं कमी."

"आठवड्यात एवढं?" तिचे डोळे चमकले. "म्हणजे सील नुसतं झिजलेलं नाही, फाटलंय. मला वाटलं त्यापेक्षा वाईट आहे." आणि ती गाडीशेजारी बसून गिअरबॉक्सखाली तसराळं सरकवायलाही लागली.

उस्ताद तिथेच उभा राहिला. इतके महिने तो तिच्याशी झुंजत होता, आणि तिच्या गावीही नव्हतं. ती आपली गाडीच बघत होती. त्याला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. आणि तिला गाडीचं एवढं वेड आहे, आपल्याला इतकं कधीच नव्हतं, हे कळून तो पुन्हा जळला, आधीपेक्षा जास्त.

"अहो," ती मान वर न करता म्हणाली, "उभे काय राहिलात? बॅटरीचा उजेड धरा जरा इकडे."

त्याने बॅटरी धरली.