कागदबाबांची तपासणी

"हात धुवा, ओलेच पुढे करा, डोळे मिटा आणि मनात शंका आणू नका!"

कागदबाबांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. साथीचा उन्हाळा होता. आमच्या शिवणखान्यात मास्क शिवायचं काम चाललं होतं. मशीनं लांब लांब सरकवली होती, दाराशी पाण्याचं पिंप आणि साबण ठेवला होता. पुढच्या आठवड्यापासून निम्म्याच बायकांना बोलवायचं होतं. कुणाला ठेवायचं, हा गुंता मुकादमांना सुटेना, म्हणून त्यांनी बाबांना बोलावलं.

अंगणात ही गर्दी! अंतर गेलं वाऱ्यावर. बाबा प्रत्येकाची बोटं पिवळ्या कागदावर टेकवत. कागद पिवळा राहिला तर माणूस शुद्ध, लाल झाला तर अंगात रोग. मग बाबांचं शुद्धिजल विकत घ्यायचं. त्याचा थेंब पडताच कागद पुन्हा पिवळा. लोक तोंडात बोटं घालायचेच बाकी होते.

माझ्या वन्सं पुढे झाल्या. नवऱ्यामागे त्यांचं घर त्या एका मशीनवर चालायचं. बोटं टेकली आणि कागद लालभडक!

"बाटली घ्या बाई, नाहीतर घरी बसा," मुकादम म्हणाले.

"मला ताप नाही, खोकला नाही. बाटली कशाला?"

"मग मशीन दुसरीला देतो."

शेजारणी झटकन मागे सरल्या. वन्संचा चेहरा उतरला.

पाठोपाठ इस्त्रीवाले काका आले, खोकून खोकून वाकलेले. कागद पिवळाधमक! "बघा, पुण्यवान आत्मा!" बाबा गरजले.

पहाटेचा जप झाल्याशिवाय मी पाणी पीत नाही. देवाचं नाव ऐकलं की माझे हात जुळतात. त्या दिवशी मात्र जुळेनात. वन्सं भरपूर साबण लावतात आणि घाईत नीट खळबळतही नाहीत. काका नुसती बोटं बुडवतात. हे रोज पाहतेय मी! ताप मोजायला आलेल्या नर्सबाईंच्या कानावर मी हळूच ही शंका घातली.

त्या उठल्या. साध्या पाण्यात हात बुडवून म्हणाल्या, "बाबा, माझं बघा." कागद पिवळा. मग त्यांनी बोटांना साबण चोळला. कागद लाल!

"अगं बाई! एवढ्यात रोग जडला वाटतं मला?"

अंगणात हशा पिकला. नर्सबाईंनी बाटली हुंगली. "लिंबू आहे हे. कागदाला हळद लावलीय. साबणाने हळद लाल होते, लिंबाने परत पिवळी. रोगाचा काडीचा संबंध नाही. मुकादम, हात धुणारीला घरी पाठवताय आणि खोकणाऱ्याला आत बसवताय!"

"देवाची निंदा!" बाबा ओरडले.

"देवाला कशाला मधे घेता?" मी म्हणाले. "डोळे त्यानेच दिलेत. ते मिटायला तुम्ही सांगता."

बाबांनी बाटल्या गोळा केल्या आणि काढता पाय घेतला. मुकादम खाली मान घालून वन्संना म्हणाले, "ताई, मशीन तुमचीच."

बायांनो, नमस्कार जरूर करा. पण चमत्कार दाखवणाऱ्याला आधी एवढं विचारा, "हेच मी माझ्या हाताने करून पाहू का?" तो चिडला, तर काय ते समजा.

काका मात्र पांढरेफटक पडले होते. "म्हणजे मी शुद्ध नाही?"

"उद्या आरोग्य केंद्रावर तपासून घ्या," नर्सबाई म्हणाल्या.

"एकट्याने धीर होत नाही हो."

"मी येते," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत त्यांनी मास्क बांधला, काकांसाठी एक वेगळा घेतला, आणि कुणाला न सांगता त्या त्यांच्या दाराकडे निघाल्या.