दुसरी बाजू, शेवटचं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या पोटात मासांबाचा 'खारं पाणी' नावाचा रॅपचा अल्बम आहे. आहे म्हणजे बराचसा आहे. जो नाही, त्याच्याबद्दल मला बोलायचे आहे. अलीकडे माझे फार कौतुक चालले आहे. 'काळाच्या पुढचा अल्बम' असे लोक म्हणतात आणि ते ऐकले की माझ्या फितीला पीळ पडतो. अहो, कसला काळाच्या पुढचा? तो त्याच वर्षाचा होता, त्याच गल्लीतला होता, आणि त्याच गल्लीने तो धड ऐकूनसुद्धा घेतला नाही.

माझा जन्म डाकार शहरातल्या एका कॅसेट भरणाऱ्या कारखान्यात झाला. माझ्या पाठीवर दोन छोट्या खिडक्या आहेत. त्यांतली प्लॅस्टिकची पाती मोडून टाकली की माझ्यावर दुसरे काही भरता येत नाही. ते आमचे कुलूपच म्हणा. माझी पाती कारखान्यातच मोडलेली होती, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते. ढिगातून पहिली कॅसेट मासांबाने स्वतःच्या हाताने उचलली. ती मी. मला खिशात घालून तो थेट जवळच्या थियारोयच्या किनाऱ्यावर आला, गोर्गी न्दोयकडे.

गोर्गी तिथल्या लहानशा रेडिओवर दर शनिवारी रॅपचा कार्यक्रम करी. त्याने वाहवा केली की दुकानदार कॅसेटी मागवत आणि त्याने नाक मुरडले की माल पडून राही. तो आणि मासांबा लहानपणापासूनचे दोस्त होते. पण त्याआधीचेही एक नाते होते. मासांबाचे घराणे गेवेलांचे. दुसऱ्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या आणि बारशाला, लग्नाला, मौतीला त्या खड्या आवाजात म्हणायच्या, हे गेवेलांचे काम. पिढ्यान् पिढ्या न्दोयांची नावे मासांबाच्याच घराने जागवली होती. त्याची आई, याय कोडू, उभी राहिली की न्दोयांची छाती फुगत असे. आईला तिकडे याय म्हणतात. या दोन पोरांनी मात्र ते नाते बाजूला ठेवले होते. रॅपमध्ये कुणी यजमान नाही आणि कुणी भाट नाही, असे दोघांचे ठरले होते. मासांबाचे आधीचे दोन अल्बम नुसते निखारे होते. मंत्री, पोलीस, वीज कंपनी, कुणालाही त्याने सोडले नव्हते.

अल्बमच्या आदल्या वर्षी गोर्गीचा थोरला भाऊ सालिऊ रंगीत होडीत बसून कामाच्या शोधात स्पेनच्या बेटांकडे निघाला. होडी पोचली नाही, बुडाल्याचीही बातमी आली नाही. बाप म्हणाला, "प्रेत आलं का? मग मातम कसला?" आठवा दिवस झाला नाही, चाळिसावा झाला नाही, नाव घ्यायला गेवेल उभा राहिला नाही. हळूहळू त्या घरात सालिऊ हा शब्दच बंद झाला. त्याची आई, याय नोगाय, जेवणाच्या परातीत एका बाजूचा भात कुणाला शिवू देत नसे, पण तिथे कोण बसायचा हे तीही बोलत नसे.

मासांबाने मला गोर्गीच्या हातात दिले तेव्हा शेगडीवर चहा उकळत होता.

"घे, पहिली तुझी," तो म्हणाला. "पण एक कर. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं मध्येच बंद करू नकोस. आणि ते ऐकताना आईला जवळ बसव."

"लेका, माझी आई आता रॅप ऐकणार?"

"हे ऐकेल," मासांबा म्हणाला आणि चहाला न थांबता गेला.

गोर्गीने आईला बोलावले नाही. गल्लीतल्या मित्रांना बोलावले. सगळे निखाऱ्याची वाट बघत होते आणि माझ्यातून निघाला साबार ढोलाचा संथ ठेका, मध्ये याय कोडूचा आवाज आणि मासळी सुकवणाऱ्या बायकांची गाणी. पोरांची तोंडे वाकडी झाली.

"मंत्री कुठं गेले याचे?"

"अरे, याने तर मासळीबाजारच मांडलाय! बायकोनं मारलं वाटतं."

"बायको कुठाय त्याला? आईनं मारलं असेल."

हसून हसून त्यांनी चहा सांडला. मला वाईट वाटले, पण खरे सांगते, मासांबाचे काही काही चुकलेही होते. पहिल्या बाजूची दोन गाणी उगाच लांबली आहेत. तेवढी टीका मी ऐकून घेतली असती. मग दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे लागले.

"न्दोय! माक्तारच्या पोटचा न्दोय! माक्तार लाटफाड्या, त्याचा बाप दियाल वल्हेवाला, त्याचा बाप..."

पोरे एकमेकांकडे बघू लागली. मग सगळ्यांनी गोर्गीकडे बघितले.

"काय रे गोर्गी, किती मोजलेस?"

"तरीच म्हटलं पहिली कॅसेट याला का! रेडिओवाल्याची स्तुती चाललीये!"

एकाने खिशातून नोट काढली आणि माझ्या टेपरेकॉर्डरच्या कपाळी थुंकी लावून चिकटवली, लग्नात गेवेलाच्या कपाळी चिकटवतात तशी. हशा उसळला. गोर्गीचे कान तापले. मासांबा आपल्याला चढवतो आहे, शनिवारच्या कार्यक्रमासाठी आपली थुंकी झेलतो आहे, असेच त्याला वाटले. गेवेलाच्या तोंडून घराण्याचे नाव आले की मागे पैसा असणारच, हा हिशोब तिथे कुणाला शिकवावा लागत नाही. नावे अजून चालूच होती. गोर्गीने खटकन बटण दाबले आणि मी थांबले, आजोबा-पणजोबांच्या पुढे आणि सालिऊच्या अलीकडे.

शनिवारी तो रेडिओवर म्हणाला, "मी कुणाला पैसे दिलेले नाहीत. आपला मासांबा रॅप सोडून वाडगा घेऊन निघालाय. ज्याला भीक घालायची असेल त्याने कॅसेट घ्यावी."

महिनाभरात माझ्या सगळ्या बहिणी पेट्यांनी परत आल्या. कारखान्याने त्यांना पुसून त्यांच्यात नाचाची गाणी भरली. थोड्या कॅसेटी नव्याने निघाल्या, पण मूळ फितीतूनच शेवटचे गाणे गाळून. आज लोकांच्या फोनवर जो अल्बम फिरतो आहे, तो त्या गाळलेल्यांतला आहे.

मासांबा एकदाच दारात आला. आत आला नाही.

"शेवटपर्यंत ऐकलंस?"

"ऐकण्यासारखं होतं काय त्यात?"

 मासांबाने तेव्हाच सांगितले असते तर? मला अजून त्याचा राग येतो. एक वाक्य बोलला असता तर सगळे वाचले असते. पण ज्याला भिकारी म्हटले त्याने पुन्हा दारात उभे राहून काय म्हणून समजावून सांगायचे? तो वळला. त्या दिवसापासून याय कोडूनेही न्दोयांचा उंबरा ओलांडला नाही आणि पुढच्या बारशाला न्दोयांना परगावची गाणारी आणावी लागली. पुढे मासांबा इटलीला गेला. तिथे तो टोमॅटो तोडतो. गाणे त्याने सोडले.

आणि मी? मी त्याच टेपरेकॉर्डरमध्ये, थांबवली होती तिथेच पडून होते. एके दिवशी कुस्तीचा मोठा सामना होता आणि गोर्गीला रेडिओवरचे समालोचन भरून घ्यायचे होते. कोरी कॅसेट सापडेना. त्याने चहाच्या पुड्याचा कागद फाडला, त्याच्या गोळ्या करून माझ्या पाठीवरच्या खिडक्यांत कोंबल्या आणि भरायची दोन बटणे एकदम दाबली. मित्रांनो, टेपरेकॉर्डरमध्ये आधी पुसणारे लोखंड असते, मग लिहिणारे. दुखत नाही. ते लोखंड अंगावरून जाते आणि आपल्यात जे होते ते आपल्यालाही आठवत नाही. गाण्याचा जेवढा तुकडा गोर्गीने ऐकला होता तेवढा राहिला. न ऐकलेला सगळा गेला.

मग दुधाच्या पावडरीच्या डब्यात माझी वर्षे गेली. सोबतीला गंजके स्क्रू आणि सालिऊच्या गळाचा एक आकडा. गोर्गीचा बाप वारला. गोर्गीचे पोट सुटले.

एक दिवस मारेम नावाची मुलगी आली. जुन्या रॅपबद्दल ती फोनवर बोलते आणि हजारो लोक ऐकतात. 'खारं पाणी' तिला अचानक सापडला होता आणि ती वेडी झाली होती. ती याय कोडूला भेटून आली होती. गाळलेले गाणे कशाचे होते, हे कोडूने इतक्या वर्षांनी तिला सांगितले होते. मारेमने ते नोगायच्या कानी घातले.

"सालिऊ गेल्यानंतरच्या बारशाला मी कोडूला कोपऱ्यात गाठून म्हटलं होतं," नोगाय गोर्गीला म्हणाली, "कुणीतरी माझ्या सालिऊचं नाव घ्या गं. मेला म्हणून नको, नुसतं घ्या. तुझ्या बापापुढं तिला घेता आलं नाही. तिच्या लेकानं घेतलं होतं? आणि तू मला ऐकवलं नाहीस?"

 गोर्गी एकदम उजळला. "कॅसेट आहे माझ्याकडे, आई. पहिली, त्याच्या हातची. सगळ्या गल्लीला ऐकवतो!"

कुस्ती तो साफ विसरला होता.

गल्लीत मांडव पडला. मोठे स्पीकर आले, माशाच्या भाताच्या पराती आल्या. मारेमने मला हातात धरून उलटसुलट बघितले.

"गोर्गीकाका, यात कागद कसला कोंबलाय?"

"धूळ जाऊ नये म्हणून असेल," तो म्हणाला आणि भाषणाला उभा राहिला. "हा अल्बम वेगळा आहे, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो!" ज्याने नोट चिकटवली होती, तोच पुढच्या रांगेत मान डोलावत होता. मला त्या वेळी बोलता आले असते ना, तर एकेकाची खरडपट्टी काढली असती.

नोगाय पुढेच बसली होती. तिच्या शेजारी, कितीतरी वर्षांनी, कोडू येऊन बसली. गाणे लागले.

"न्दोय! माक्तारच्या पोटचा न्दोय!"

नोगायचे ओठ हलू लागले. नावामागून नाव येत गेले. कोडूची बोटे मांडीवर ठेका धरत होती. "...आणि आता त्या घरचा थोरला, ज्याला मी..."

खट्.

"उचलला! उचलला! चीतपट! वाळूत चीतपट!" समालोचक किंचाळला आणि मागे ढोल कडाडले.

काही लोक हसले. मग त्यांनी नोगायकडे बघितले आणि माना खाली घातल्या. गोर्गीने मला पुढे पळवले. कुस्ती. आणखी पुढे पळवले. कुस्ती, मग नुसती खरखर. "पुढं असेल, थांबा, पुढं असेल," असे तो म्हणत राहिला. मारेमने माझ्या पाठीतली कागदाची गोळी ओढून काढली आणि गोर्गीच्या तळहातावर ठेवली. चहाचा हिरवा कागद त्याने ओळखला.

"कोडू, तू म्हण ना गं," नोगाय म्हणाली.

"वाडवडिलांची नावं मला येतात. ती वाजलीच की. सालिऊचं त्यानं स्वतः बांधलं होतं, दार लावून. मला म्हणाला, आधी नोगायआई ऐकेल, मग तू. त्यानंतर मी कधी ऐकलंच नाही."

मग मारेमने मासांबाला फोन लावला आणि गोर्गीच्या हातात दिला. सगळ्यांना ऐकू येत होते.

"मासांबा, मी गोर्गी. अरे, सगळी गल्ली तुझं नाव काढतीये..."

"काम बोल. मी शेतात आहे."

"ते शेवटचं गाणं. सालिऊचं. म्हण ना जरा, आई बसलीये समोर. पाया पडतो तुझ्या."



"तुझ्याकडे होतं की, गोर्गी. तुलाच दिलं होतं."

गोर्गीने फोन आईच्या दिशेने पुढे केला.

"मला आठवत नाही," मासांबा म्हणाला. "नोगायआईला माझा सलाम सांग." आणि फोन बंद झाला.

कोडूने ओढणीने तोंड झाकून घेतले. आठवणे हेच ज्या घराचे काम, त्या घरचा मुलगा भर गल्लीत 'आठवत नाही' म्हणाला होता. तो खरेच विसरला, की आमच्या तोंडावर दार लावले, हे मला अजून कळलेले नाही. तिथल्या कुणालाही त्याला विचारायचा हक्क नव्हता.

मारेम आता मला काचेच्या पेटीत ठेवायचे म्हणते. मित्रांनो, मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. जपण्यासारखे होते तेव्हा मी सगळ्यांच्या समोरच होते. एवढेच सांगते, एखाद्याचे गाणे आवडले नाही तर खुशाल नाक मुरडा, पण आधी ते शेवटपर्यंत ऐका. आणि माझ्या पाठीवरची पाती कुणी मोडून ठेवलेली असतील तर तिथे कागद कोंबू नका.

सध्या मी नोगायच्या उशाशी असते. दुपारी सगळे झोपले की ती मला लावते. वाडवडिलांची सगळी नावे माझ्याबरोबर म्हणते आणि कुस्ती सुरू व्हायच्या आत बटण दाबायला बोट पुढे करते. पण बोट म्हातारे झाले आहे, वेळेवर पोचत नाही. मुलाचे नाव यायचे त्या जागी रोज तो समालोचक ओरडतो, "उचलला! चीतपट!" आणि माझ्याकडे तिला द्यायला दुसरे काहीच नाही.