वद्दाह ऐकतोय

घरात दुखवटा होता, म्हणून गाणी बंद होती. आईने टीव्हीवरसुद्धा चादर टाकली होती. तिचा धाकटा भाऊ, आमचा बाबिकरमामा, तिकडे सुदानच्या युद्धात, ओमदुर्मानला वारला. गोळीने नाही, औषध मिळालं नाही म्हणून. कबरस्तानाच्या वाटेवर बंदुका होत्या, तेव्हा माझ्या भावाने, वद्दाहने, त्याला अंगणातच माती दिली. त्याचा स्वतःचा फोन लागत नव्हता, म्हणून एवढं त्याने शेजाऱ्याच्या फोनवरून सांगितलं आणि लाइन तुटली. त्यानंतर काहीच नाही. आम्ही इकडे कैरोत, फैसल वस्तीतल्या भाड्याच्या खोल्यांत, फोनकडे बघत बसायचो.

वद्दाहने निरोपांची ॲप्स केव्हाच काढून टाकली होती. नाक्यावरचे शिपाई फोन उघडून निरोप वाचतात, आणि एखाद्या शब्दापायी माणूस गायब होतो. गाणी मात्र कुणी तपासत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून गाणी ऐकायचं ते ॲप तेवढं उरलं होतं. त्यात बोलता येत नाही. एकाने गाणं लावायचं, बाकीच्यांनी त्याच क्षणी ऐकायचं, नको असेल तर कुणीही पुढे ढकलायचं. मावसभाऊ मुन्तसिरने ते माझ्या फोनवर टाकलं तेव्हा मी म्हटलं होतं, "रिकामटेकड्यांचे धंदे!" आणि मग मलाच त्याचं वेड लागलं. गाणं आपलं निमित्त. जो ठेका माझ्या कानात पडतोय तोच आत्ता वद्दाहच्याही कानात पडतोय, म्हणजे त्याचं डोकं अजून धडावर आहे. एवढं कळायला मी वाट्टेल ती गाणी ऐकली असती.

मामा तिकडे वद्दाहबरोबरच राहायचा. त्याच्या हातात वद्दाहचा फोन आला की उत्तरेकडचं, तंबुरीवरचं एक रडकं गाणं ठरलेलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. "एकदा माझ्यासाठी, एकदा तुमच्या मामीसाठी," म्हणायचा. मामी जाऊन वर्षं लोटली होती. वद्दाह मात्र वैतागायचा. फोन स्वतःच्या हातात असला आणि ते गाणं आलं, की पहिल्याच ओळीला ढकलून द्यायचा.

त्या दुपारी चहा उकळत होता आणि मुन्तसिर किंचाळला, "रिहाब! वद्दाह ऐकतोय!"

त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला होता. मी आवाज वाढवला. लग्नातलं गाणं, ढोलकं, टाळ्या, बायकांचे चीत्कार. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"मावशी, जिवंत आहे तुझा लेक! नाचतोय बघ लेकाचा!"

आई हसली नाही. "मामावर माती लोटलेले हात अजून सुकले नसतील, आणि हा लग्नाची गाणी लावेल? परक्याचं मयत असलं तरी आमच्यात कुणी रेडिओ लावत नाही. हा माझा वद्दाह नाही."

तिचं बरोबर होतं. नाक्यावर फोन काढून घेतात, फोनवाल्याचं काय करतात ते कुणी सांगत नाही. वद्दाहच्या नावामागे बसून कुणीतरी आमच्याबरोबर गाणं ऐकत होतं. त्याला आमचीही नावं दिसत होती. माझं, मुन्तसिरचं, एकाखाली एक.

"बंद कर ते," मुन्तसिर कुजबुजला, जणू तिकडे ऐकू जाणार होतं.

"खबरदार!" आई म्हणाली. "दुसरं काय आहे आपल्याकडे?"

मला एकच सुचलं. मी मामाचं गाणं लावलं. वद्दाह असेल तर पहिल्या ओळीला ढकलेल.

तंबुरी वाजली. पहिली ओळ गेली. मी दात आवळून म्हणत होते, ढकल रे, ढकल ना गाढवा. दुसरी ओळ गेली. कडवं संपलं. ठिपका हिरवाच, आणि गाणं आपलं चाललंय. असली भीती मी खार्तूममध्ये छपरावरून विमानं जातानाही अनुभवली नव्हती. कुणीतरी अगदी निवांत ऐकत होतं. शेवटचा सूर थांबला.

"इन्ना लिल्लाहि..." मुन्तसिरने मयताची दुआ सुरू केली.

"तोंड आवर, मेल्या!" आई ओरडली.

आणि तंबुरी पुन्हा वाजली. पहिल्यापासून.

"तू लावलंस?" मी मुन्तसिरला विचारलं. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. मीही फोनला बोट लावलं नव्हतं.

आई तिथेच जमिनीवर बसली. "एकदा माझ्यासाठी," ती म्हणाली, "एकदा मामीसाठी." मग पिठाच्याच हाताने तोंड पुसलं. "तोच आहे गं. दुखवटा मोडल्याशिवाय जिवंत आहे हे सांगणार तरी कसं पोरगं?"

मी हमसून हमसून रडले. ज्या गाण्याला त्याने जन्मभर नाकं मुरडली, ते तो आज मामासाठी पुरतं ऐकत होता.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ठिपका विझला. गाणंही तिथेच तुटलं.

"नेट गेलं असेल," मुन्तसिर म्हणाला. मी पुन्हा पुन्हा स्क्रीनवर बोट आपटत राहिले. तेवढ्यात जमिनीवरून आवाज आला, जाड, बेसूर. आई तुटलेल्या ओळीपासून पुढे गात होती.

"आई, दुखवटा आहे."

"अर्धं राहिलंय त्याचं," ती म्हणाली. "तोही तिकडे म्हणत असेल. मी थांबले तर एकटा पडेल."