पाटीवर आधी कोण

नोटीस आली तेव्हा थोरल्याला आधी रागच आला, आणि तोही रकमेचा नाही. रक्कम त्याने नंतर वाचली. राग आला तो वरच्या ओळीचा. कर खात्याचं म्हणणं असं होतं की या जागेतलं लाकूडकाम आणि गादीकाम हा मुळात एकच धंदा आहे, आणि नोंदणी व कर चुकवण्यासाठी तो दोन असल्याचा देखावा केला आहे.

"देखावा," थोरला बायकोला म्हणाला. "इतकी वर्षं मी धाकट्याशी एक शब्द सरळ बोललो नाही, आणि म्हणे देखावा."

"अहो, खाली आकडा काय आहे तो बघा."

त्याने बघितला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या काही वर्षांचा कर, आणि वर जवळपास तेवढाच दंड. कर एकवेळ रडतखडत भरता आला असता. दंडही भरायचा म्हटला तर वडिलांचं दुकान विकल्याशिवाय सुटका नव्हती.

दुकान म्हणजे एक लांबच लांब खोली. खुर्च्या, कोच, आरामखुर्च्या करायच्या आणि मोडक्या दुरुस्त करायच्या, हा पिढीजात उद्योग. सांगाडा, पाय, हात हे थोरल्याचं काम. पट्टे, स्प्रिंगा, कापड हे धाकट्याचं. वडील गेल्यावर दोघांनी नवी पाटी लावायचं ठरवलं. रंगारी शिडीवर चढला आणि त्याने अगदी साधा प्रश्न विचारला: आधी काय लिहू? थोरला म्हणाला, लाकूडकाम. धाकटा म्हणाला, गादीकाम. माणूस काही लाकडावर बसत नाही. त्यावर थोरला बोलून गेला, "कापड काय, कोणीही ठोकतं."

रंगारी खाली उतरला, चहा पिऊन आला, तोवर त्याला एका पाटीच्या जागी दोन पाट्यांचं काम मिळालं होतं. उरलेल्या पिवळ्या रंगाने धाकट्याने त्याच दिवशी खोलीच्या मधोमध रेघ ओढली. इकडची बिलं वेगळी, तिकडची वेगळी. ठरावीक उलाढालीखालच्या लहान धंद्यांना नोंदणी लागत नाही, त्यामुळे कोणी विचारायलाही आलं नाही.

पण खुर्ची कशी वेगळी करणार? ती इकडे पायावर उभी राहायची, रेघ ओलांडून तिकडे जायची, गादी अंगावर घेऊन पॉलिशला पुन्हा इकडे यायची. म्हणून दोघे भाऊ तिच्याशीच बोलायला लागले. लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार.

"त्याला म्हणावं, मागच्या पायाचा सरस अजून ओला आहे, आज ठोकाठोक नको," असं थोरला खुर्चीला सांगायचा. दोन दिवसांनी तिकडून एखाद्या कोचाला ऐकू यायचं, "तुझ्या पाठीत अर्धं बोट जागा जास्त सोडली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं?" गिऱ्हाइकांना हे दोघे थोडे चक्रम वाटत. काम मात्र असं असायचं की चक्रमपणा सोसून लोक पुन्हा यायचे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकीलबाईंचं ऑफिस एका दवाखान्याच्या वर होतं, आणि जिना अरुंद; थोरला पुढे, धाकटा चार पायऱ्या मागे, असे ते चढले. टेबलासमोर अशिलांसाठी दोन खुर्च्या होत्या. थोरल्याची डुगडुगत होती, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. धाकट्याने बसण्याआधी तळव्याने गादी दाबून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

वकीलबाई कर खात्याच्या भानगडींमध्ये मुरलेल्या होत्या. त्यांनी नोटीस वाचली आणि प्रश्न सुरू केले.

"विजेचा मीटर?"

"एक," थोरला म्हणाला.

"फोन?"

"तोही एकच. ज्याच्या हाताला सरस नसेल तो उचलतो."

"दुपारचं जेवण?"

"डबा एकच येतो," धाकटा म्हणाला. "वहिनी पाठवते."

"मग तो खाता कुठे?"

"रेघेवर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एकमेकांशी बोलता का?"

"नाही," दोघे एकदम म्हणाले.

बाईंनी चष्मा पुसला. "हे बघा, वाटा दोन आहेत. एक म्हणजे तुम्ही खरोखर वेगळे आहात हे सिद्ध करायचं. ते जमलं तर करही नाही, दंडही नाही. पण त्यासाठी दोघांना शपथेवर लिहून द्यावं लागेल, की माझ्या धंद्याचा याच्या धंद्याशी काही संबंध नाही. दुसरी वाट, धंदा एकच आहे हे कबूल करायचं, कर हप्त्यांनी भरायचा आणि फसवायचा हेतू नव्हता म्हणून दंड माफ करा असा अर्ज करायचा. तो माफ होईलच, असं मी सांगणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, खोट्यावर मी सही घेत नसते."

"खोटं कशाला?" थोरला म्हणाला. "आम्ही वेगळेच आहोत. पहिलीच वाट."

धाकट्यानेही मान डोलावली. पण जिना उतरताना थोरल्याला आपलंच बोलणं कडू लागलं. माझा त्याच्याशी काही संबंध नाही, हे त्याने आजवर बायकोला शंभर वेळा ऐकवलं होतं. शपथेवर म्हणायचं म्हणजे गोष्ट निराळी होती. घरी त्याने सगळं सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"करा सही," ती म्हणाली. "उद्यापासून डबे दोन पाठवते."

"दोन कशाला?"

"संबंध नाही म्हणताय ना? मग माझ्या हातचं त्याने का खावं?"

"अगं, तो कागदाचा भाग आहे."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा," ती म्हणाली आणि चाळणी घेऊन आत गेली. थोरल्याला जेवण गेलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती.

सुनावणीआधी कर अधिकारी स्वतः जागा बघायला येणार होते. वकीलबाईंनी आदल्या दिवशी बजावलं, "उगीच नाटकं करू नका. रोज वागता तसेच वागा. साहेब बघतील, मग मी प्रतिज्ञापत्रं पुढे करीन, तुम्ही सह्या करायच्या."

साहेब आले. अबोल, नीटनेटका माणूस. त्यांनी पिवळी रेघ बघितली, दोन पाट्या बघितल्या, इकडचा रंधा आणि तिकडचं शिलाई मशीन बघितलं. दोघे भाऊ सांगितल्याप्रमाणे आपापल्या कामात होते. धाकट्यासमोर एक अगडबंब आरामखुर्ची आडवी पडली होती आणि तो तिच्या बैठकीला पट्टे ताणत होता. बारीक खिळे हाताशी असावेत म्हणून गादीकामवाले ते तोंडात धरतात, तसे त्याने धरले होते.

"तुमचा त्या कामाशी काही संबंध नाही?" साहेबांनी थोरल्याला विचारलं.

"नाही, साहेब."

तेवढ्यात पट्टा ताणताना खुर्ची सरकली. धाकटा खिळ्यांच्या फटीतून तिला म्हणाला, "बाई गं, जरा नीट उभी राहा की."

थोरला उठला. रेघ ओलांडून गेला, सांगाड्यावर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली. धाकट्याने पट्टा ताणला, ठोकला, दुसरा घेतला. थोरल्याने न सांगता खुर्ची फिरवली. दुसरा ठोकून झाला, तिसरा झाला, आणि मग कुठे थोरल्याच्या ध्यानात आलं की साहेब आपल्या पायांकडे बघत आहेत.

"हे वेगळे?" साहेबांनी वकीलबाईंना विचारलं.

थोरल्याचे कान तापले. आता दुकान गेलं, असंच त्याला वाटलं. बाईंनी मात्र हातातली प्रतिज्ञापत्रं शांतपणे पिशवीत टाकली.

"साहेब, वेगळं व्हायचा यांचा हेतू अगदी खरा होता," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मनापासून प्रयत्न केलाय. जमलं नाही, एवढंच. कर बुडवायला वेगळा होणारा माणूस निदान जेवणाचे डबे तरी दोन करतो."

साहेबांनी खिडकीशी, रेघेच्या बरोबर मधोमध ठेवलेल्या डब्याकडे बघितलं. मग ते थोरल्याकडे वळले. "तुम्हीच सांगा. धंदा कोणाचा?"

गुडघा अजून सांगाड्यावरच होता. नाही म्हणायला अजून वाव होता, पण ते आता त्याच्याच्याने होईना.

"दोघांचा, साहेब," थोरला म्हणाला. "मी देतो ती नुसती लाकडं असतात. याचा हात लागला की त्यांची खुर्ची होते. हे काम कोणालाही जमणारं नाही. मला तर नाहीच जमत."

हातोडी थांबली. धाकट्याच्या तोंडात खिळे होते, त्यामुळे तो काही बोलला नाही. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते थोरल्याने अगदी जवळून बघितलं.

निकाल आला तो वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवला. फोन धाकट्याने उचलला होता, थोरल्याचे हात सरसाने भरले होते. फसवण्याचा हेतू दिसत नाही, सबब दंड माफ. कर हप्त्यांनी भरावा. एक धंदा म्हणून ताबडतोब नोंदणी करावी. थोरल्याने ते ऐकून सरसाच्या हातांनीच कपाळ पुसलं, आणि बायकोला तो नंतर गरम पाण्याने सोडवावा लागला. तिने कुरकुर केली नाही.

नोंदणीचा अर्ज भरायला दोघे पुन्हा तो अरुंद जिना चढून गेले आणि त्याच दोन खुर्च्यांवर बसले.

"धंद्याचं नाव?" बाईंनी विचारलं.

तोच जुना प्रश्न, फक्त शिडीवरच्या रंगाऱ्याच्या जागी वकीलबाई. थोरल्याने घसा साफ केला.

"गादीकाम आणि लाकूडकाम, असं लिहा."

धाकटा खुर्चीच्या हाताला म्हणाला, "याला म्हणावं..."

"माझ्या खुर्च्या निरोप पोचवत नाहीत," बाई म्हणाल्या. "काय ते तोंडावर बोला."

धाकटा वळला. "लाकूड आधी लाव, दादा. सांगाडाच नसेल तर मी ठोकू कशावर?"

उत्तर द्यायला थोरल्याने सवयीने खुर्ची शोधली. ऑफिसात अशिलांच्या दोनच खुर्च्या होत्या, आणि दोन्हींवर ते दोघे बसलेले होते. मग त्याला भावाकडेच बघावं लागलं.

"बरं," तो म्हणाला. आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना. "तुझ्या त्या खुर्चीची गादी पार बसलीय, नाही का?"

"कधीचीच. आणि तुझ्या खुर्चीचा पाय सुटलाय. त्या दिवशीच सांगणार होतो."

सह्या झाल्या. पुढचा अशील वर आला तेव्हा ऑफिसात त्याला बसायला काही नव्हतं, कारण दोन्ही खुर्च्या दोघांच्या डोक्यांवर होत्या आणि जिन्याच्या तोंडाशी वाद चालू होता.

"तू हो पुढे," थोरला म्हणत होता.

"छे. तू आधी, दादा."