चौदा नंबरचा डावा ब्रेक

"सतरा नंबरचं वाक्य म्हणा, वहिनी."

"आय अंडरस्टँड युवर कन्सर्न."

"समजलंय ना? मग करा की काहीतरी. तासभर झाला, वाळून काडी झाले मी इथे." नणंदेने प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या पाय लांब केले. ती आज प्रवासी झाली होती.

"वन्सं, प्रवासी असं बोलत नाहीत हो."

"मग कसं बोलतात?"

"बोलतच नाहीत. मोबाइलमधून मान वर न काढता बोट दाखवतात."

"बरं. घ्या." नणंदेने मान खाली घालून भिंतीकडे बोट दाखवलं. दोघी हसल्या.

कामावर सगळे वहिनींना काकू म्हणत, तेव्हा आपणही काकूच म्हणू. अकरा वर्षं त्या विमानतळावर चाकाच्या खुर्च्या ढकलत होत्या. दारापासून विमानापर्यंत, विमानापासून दारापर्यंत. विमानात मात्र बूड टेकलं नव्हतं कधी. अकरा वर्षांत कुणाचं इंग्रजीवाचून अडलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला उठवताना आधार काखेत द्यायचा, मनगट ओढायचं नाही, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. पण ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने एक गुळगुळीत पुस्तिका वाटली, 'विमानसेवेसाठी उपयुक्त इंग्रजी'. साठ वाक्यं. वीस तारखेला तोंडी परीक्षा. पास होईल त्याच्या छातीवर 'आय स्पीक इंग्लिश' असा बिल्ला, नापास होईल त्याला घरचा रस्ता.

आणि घर म्हणजे ही एक खोली. नवरा गेल्यावर मागे राहिलेल्या काकू, आणि लग्न न झालेली नणंद. नणंद नववीपर्यंत इंग्रजी शिकलेली, पुढे शाळा सुटली ती सुटलीच. तिच्या शिलाई मशीनवर वरचा खर्च निघायचा. भाडं, गॅस, औषधं सगळं काकूंच्या पगारावर.

"वहिनी, साठातली तेवीस वाक्यं माफीची आहेत," नणंद पानं उलटत म्हणाली. "सॉरी, व्हेरी सॉरी, एक्स्ट्रीमली सॉरी. ह्यात 'नाही' कुठे आहे?"

"कसलं नाही?"

"कसलंही. मला जमणार नाही. माझी चूक नाही. शोधून सापडत नाही हो."

"ते त्यांना कशाला लागतंय? ते राहू द्या, मला एक पुस्तिकेबाहेरचं वाक्य हवंय. चौदा नंबरच्या खुर्चीचा डावा ब्रेक धरत नाही. पाच वेळा सांगितलं साहेबांना. म्हणतात, रजिस्टरमध्ये लिहा, आणि रजिस्टर इंग्रजीत."

नणंद सरळ बसली. चष्मा वर सरकवला. "डावा कुणाचा? खुर्चीचा की तुमचा? तुम्ही समोर उभ्या राहिलात तर उलटं होईल."

"बसणाऱ्याचा डावा."

नणंदेने कपड्यावर खुणा करायच्या पेन्सिलीने जुन्या बिलाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. चेअर फोर्टीन, लेफ्ट ब्रेक नॉट वर्किंग. काकूंनी ते त्या रात्री अकरा वेळा गिरवलं.

दुसऱ्या दिवशी, अकरा तारखेला, त्यांनी ते रजिस्टरमध्ये उतरवलं. लिहायला चार मिनिटं लागली. मागे रांगेत उभा असलेला सामानवाला म्हणाला, "काकू, कादंबरी लिहिताय का?" काकूंनी लक्ष दिलं नाही. वाक्य पूर्ण झाल्यावर त्यांनी शेवटी टिंब दिलं आणि त्यावर पेन जरा जास्तच दाबला.

संध्याकाळी नणंदेने तीनदा विचारलं, "स्पेलिंग बरोबर आलं ना? माझं अक्षर होतं, म्हणजे माझंच म्हणायचं ते." ऑफिसच्या वहीत आपलं वाक्य गेलं, ह्या आनंदात तिने चहात साखर दोनदा घातली.

चौदा नंबर दुरुस्तीला गेली नाही. पंधरा तारखेला सकाळी चार विमानं एकदम उतरली, खुर्च्या कमी पडल्या, आणि साहेबांनी तीच काकूंच्या पुढ्यात ढकलली. "चालवून घ्या हो. तुमचा हात बसलाय तिच्यावर."

खुर्चीत विमानाला निघालेल्या एक आजी होत्या. विमानाच्या दाराशी जाणारा तो बंद पूल उतरता असतो. दाराशी पोचलं की दोन्ही ब्रेक लावायचे, मग पुढे येऊन, वाकून, पाय ठेवायच्या पट्ट्या उचलायच्या. त्याला दोन्ही हात लागतात. खुर्ची धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. काकूंनी ब्रेक लावले, डावा दोनदा दाबून पाहिला, पुढे येऊन वाकल्या. डाव्याने सोडलं. उजव्याने धरलं होतं, म्हणून खुर्ची उजव्या चाकावर गर्रकन फिरली आणि खुर्चीतल्या आजी बाजूच्या लोखंडी कठड्यावर आदळल्या. मनगट मोडलं. त्याचा आवाज काकूंनी ऐकला.

आजींचा मुलगा मागून ओरडत आला. आजीच म्हणाल्या, "अरे, लावला होता तिने ब्रेक. मी बघितलं ना." पण आजींना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना उचलून नेलं, आणि त्यांचं बोलणंही त्यांच्याबरोबर गेलं.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब चाळिशीचा, पोट धरून बसणारा, नेहमी ॲसिडिटीची गोळी चघळणारा माणूस. त्याने एक टाइप केलेला कागद पुढे केला. "इथे सही करा. नुसती फॉर्मॅलिटी आहे."

काकूंनी कागद उचलला. ठेवायला हवा होता तिथेच, पण महिनाभराची सवय लागलेली, डोळे आपोआप अक्षरांवर गेले. आय. डिड नॉट. ब्रेक. मधला एक शब्द अडला, पण बाकीच्यांनी तो सांगून टाकला.

"साहेब, मी ब्रेक लावला नाही असं लिहिलंय ह्यात."

साहेबाची गोळी चघळायची थांबली. "वाचता येतं तुम्हाला?"

"तुम्हीच पुस्तिका दिली." काकूंचा आवाज चढला नाही. "रजिस्टर काढा. अकरा तारीख. मी लिहिलंय."

साहेबाने रजिस्टर काढलं, उघडलं, त्यांच्याकडे फिरवलं. नऊ तारखेनंतर एकदम बारा तारीख. दोऱ्याने शिवलेली वही होती. अशा वहीतलं एक पान काढलं की त्याचा पलीकडचा जोडीदार सुटा होतो. काकूंनी वही उचलताच तो जोडीदार घसरून जमिनीवर पडला. त्यांनी तो उचलला, टेबलावर ठेवला, आणि साहेबाकडे पाहत राहिल्या.

"असं बघू नका, काकू," साहेब म्हणाला. "ते लिहिलेलं सापडलं तर माहीत असून खुर्ची वापरली असं होतं. मग ठेका जातो. चाळीस माणसं रस्त्यावर. मीही त्यातच. सही केलीत तर माणसाची चूक, एक समजपत्र, विषय संपला. आणि वीस तारखेची परीक्षा मीच घेणार आहे. तुम्ही पास आहात समजा."

"आणि नाही केली तर?"

"तर सतरा नंबर म्हणायलाही कुणी तुम्हाला बोलावणार नाही. उद्यापर्यंत विचार करा."

घरी काकूंनी सांगितलं तेव्हा नणंद पँटची पट्टी उसवत होती. ऐकताना ती उसवायचीच राहिली.

"पान कापलं?"

"ब्लेडने. सफाईदार."

"माझं वाक्य होतं ते," नणंद म्हणाली. मग एकदम चिडली. "नका करू सही. जाऊ दे खड्ड्यात ती नोकरी. काय समजतात काय? म्हाताऱ्या बाईचा हात मोडायचा, आणि बोट दुसऱ्या म्हाताऱ्या बाईकडे दाखवायचं."

"मी म्हातारी नाही अजून."

"हसू नका, वहिनी. मी सांगतेय ते ऐका, सही करायची नाही."

नणंद मशीनवर बसली. दहा मिनिटं मशीन चाललं, मग थांबलं. तिचं तोंड भिंतीकडेच होतं. "पाच तारखेला भाडं वाढतंय," ती भिंतीला म्हणाली. पुन्हा मशीन सुरू झालं.

ह्या जगात गरिबाला विचार करायला एक रात्र देतात, ती का देतात ते त्या दोघींना त्या दिवशी कळलं. तुम्हाला दुसरी वाट नाही, हे तुमचं तुम्हीच शोधून काढावं, म्हणून.

सकाळी काकू केबिनमध्ये गेल्या. साहेबाने कागद काढला, पेनाचं टोपण काढलं.

"शाईचं पॅड द्या," काकू म्हणाल्या.

"कशाला?"

"अंगठा लावते."

"अंगठा? अहो, अकरा वर्षं सही करताय तुम्ही."

"ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा लावायचा असतो. हे मी वाचलेलं नाही, साहेब. ज्याने लिहिलं त्याचं आहे हे."

"काकू, उगाच वाढवू नका."

"तुम्हाला कागदावर माझं काहीतरी हवंय. हे घ्या."

साहेबाने दाराकडे पाहिलं, मग ड्रॉवर उघडला. पॅड सुकलेलं होतं. त्यानेच त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. काकूंनी अंगठा दाबला, कागदावर टेकवला, आणि उचलताना घाई केली नाही. साहेब त्या जांभळ्या ठशाकडे बघत बसला. वर पाठवायला कागद चालणार होता, एवढंच त्याला हवं होतं. पण ठसा वाळवायला फुंकर मारायचं त्याने टाळलं.

वीस तारखेला परीक्षा झाली. काकूंच्या नखाच्या कडेला शाई अजून होती. साहेबाने पुस्तिकेतून डोकं वर न काढता विचारलं, "प्रवासी उशिराबद्दल तक्रार करतोय."

"आय अंडरस्टँड युवर कन्सर्न."

"प्रवासी फार रागावलाय."

"वी आर एक्स्ट्रीमली सॉरी, सर."

"पास." त्याने बिल्ला टेबलावरून सरकवला. काकूंनी तो स्वतःच लावला.

त्याच आठवड्यात दुरुस्तीहून एक खुर्ची आली. पाठीवर ताज्या रंगात एकतीस नंबर. सामानवाला म्हणाला, "घ्या काकू, नवी कोरी, तुमच्या बिल्ल्याला शोभेल अशी." काकूंनी मुठीवर हात ठेवला. उजव्या मुठीचं रबर दोन ठिकाणी चिरलेलं होतं आणि त्यांच्या अंगठ्याला ती चीर पाठ होती. त्यांनी खाली वाकून डावा ब्रेक लावला, चाकाला धक्का दिला. चाक फिरलं.

तोवर खुर्चीत एक गृहस्थ येऊन बसलेही होते. पूल उतरून विमानाच्या दाराशी आल्यावर काकूंनी दोन्ही ब्रेक लावले, पुढे आल्या, आणि पट्ट्या उचलायला वाकण्याआधी उजव्या बुटाचं टोक डाव्या चाकाखाली सरकवलं. समोर उभं राहिलं की खुर्चीची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. चाक बुटावर चढलं. सगळा भार बोटांवर आला.

गृहस्थांनी मोबाइलमधून मान वर काढली. त्यांना काहीतरी हललेलं जाणवलं असावं. "एव्हरीथिंग ओके?"

"नो प्रॉब्लेम, सर," काकू म्हणाल्या. पुस्तिकेतलं नऊ नंबर.

त्या दिवशी ती खुर्ची त्यांच्या वाट्याला सात वेळा आली. दुसऱ्या कुणाला ती देणं त्यांना जमेना. दुसऱ्याला बूट कुठे घालायचा ते माहीत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी बूट दाराशी काढले आणि मोरीत पाय धुवायला बसल्या. बाहेर आल्या तेव्हा नणंद उजवा बूट मांडीवर घेऊन बसली होती. बुटाच्या टोकावर चाकाचा काळा पट्टा होता आणि कापड विरलं होतं. तिने जुन्या पिशवीचं जाड कापड दुहेरी घडी करून टोकावर धरलं, मोठी सुई घेतली, आणि दाताने दोरा तोडला.

"डाव्याला पण लावू का?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"नको," काकू म्हणाल्या. "उजव्यालाच. तीनपदरी करा."