काळ्या थराखालचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना गोळा आहे. लहानशा लिंबाएवढा, धातूचा, काळा कुळकुळीत. माणसाची मांडी कमरेला जिथे जोडलेली असते, त्या खुब्यात बसण्यासाठी माझा जन्म झाला. आता मी एका खिडकीत पडून असतो.

मला झिलई दिली ती एका म्हाताऱ्या कारागिराने. सारा कारखाना त्यांना काका म्हणे. काकांचा डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर विश्वास. घासून झाले की ते माझ्यावर अंगठा फिरवत आणि म्हणत, "अजून कुरकुरतोय लेकाचा!" कुरकुर थांबली त्या दिवशी त्यांनी माझ्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि मिशीवर ताव दिला. इतकी माया पुढे माझ्यावर कुणी केली नाही.

मग मला काळा थर चढायचा होता. हा थर कार्बनचा, म्हणजे कोळशाच्याच कुळातला. केसाहून कितीतरी पातळ, पण कठीणपणात हिऱ्याचा भाऊ. तो गुळगुळीत असतो, सहसा झिजत नाही आणि शरीराला परका वाटत नाही. रक्त त्याच्यावर चिडत नाही, पेशी त्याच्या शेजारी निमूट नांदतात. त्याची अट एकच, खालचा धातू निर्मळ हवा. बोटाचा तेलकटपणा राहिला तर थर वरून छान दिसतो, पण तिथे त्याची पकड नसते.

धुलाईच्या ताईंनी मला स्वच्छ करून ठेवले होते. तेवढ्यात काका माझा निरोप घ्यायला आले.

"काका, धुऊन झालाय तो! आधी हातमोजे घाला!"

"ज्या हातानं घडवला तोच हात आता परका झाला होय गं?" असे म्हणत त्यांनी अंगठा फिरवलाच. "बघ, आरसा झालाय आरसा!"

ताईंनी मला पुन्हा धुवायला हवे होते. पण काकांच्या डोळ्यांदेखत धुतले तर त्यांना लागेल, म्हणून ताईंनी मला नुसते कोरड्या कापडाने पुसले आणि थर चढवण्यासाठी हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवले. सोबत एक स्वच्छ धुतलेली चकतीही होती. थर नीट बसला का, ही परीक्षा तिचीच घेतात. चकती पास झाली, म्हणून मीही पास झालो. काका निवृत्त झाले तेव्हा अभिमानाने म्हणाले, "माझ्या हातचं आजवर काही परत आलं नाही." परत यायचे तरी कसे? आम्ही माणसांच्या आत असतो.

मी गेलो तो मुलांना पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंच्या खुब्यात. मुले त्यांना मासोळीबाई म्हणत. "खुर्चीत बसून पोहणं शिकवता येत नाही, डॉक्टर," असे बजावून त्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपल्या होत्या. त्यांच्या शरीराने मला आपले मानले. त्या पुन्हा तलावात उतरल्या, भित्र्या मुलांच्या पोटाखाली हात धरू लागल्या. ती वर्षे माझी सोन्याची होती.

मग अंगठ्याच्या जागचा थर सुटला. त्याचे कण वाळूसारखे सांध्यात घुसले. बाईंनी दुखणे लपवले. एके दिवशी तलावाच्या शिडीवर त्यांचा पाय लुळा पडला आणि कडेवरची मुलगी हातून सुटली. ती वाचली, पण बाई तो क्षण विसरल्या नाहीत.

मला काढून दुसरा गोळा बसवला आणि मला बाईंच्या हाती दिले. डॉक्टर म्हणाले, "काहींच्या शरीराला नाही मानवत, बाई." मला उलटून पाहायची तसदी कुणी घेतली नाही. बाईंची बहीण म्हणाली, "हिचं लहानपणापासून असंच. साधं कानातलं घातलं तरी कान सुजायचा!"

नवा गोळा उत्तम चालतो. तरीही बाई पाण्यात उतरत नाहीत. तीच मुलगी विचारायला आली, "मासोळीबाई, कधी येणार?"

"माझं अंग बेभरवशाचं गं, बाळा. पुन्हा दगा दिला तर?"

मित्रांनो, मोडलेली वस्तू हातात घ्याल तेव्हा ती नीट बघा. कुणाच्या शरीराला बोल लावण्याआधी तरी नक्की बघा. आणि कधी बाईंकडे गेलात, तर त्यांच्या अंगाने मला टाकले नव्हते, एवढे त्यांना सांगा. मला तोंड नाही.

संध्याकाळी बाई मला हातात घेतात. माझ्या काळ्या अंगावर एकच उघडा डाग आहे, लांबट, अंगठ्याएवढा. त्यांचा अंगठा त्यात बरोबर बसतो. "तुझी काही चूक नाही रे," त्या म्हणतात, "माझंच अंग वाईट." मग मला जागेवर ठेवतात. तलावावरच्या मुलांचा गलका इथवर ऐकू येतो, म्हणून खिडकी लावून घेतात.